‘आणि’चा मान : ‘अश्रूंची झाली फुले’मधील लाल्या

मराठी नाटकाच्या जुन्या जाहिरातीत नटांच्या नावांचा एक ठरलेला क्रम असे. प्रथम नायक, मग नायिका, त्यानंतर मानाप्रमाणे इतर. १९६० नंतरच्या काळात या क्रमाला एका नटाच्या बाबतीत अपवाद झाला. सगळी नावे छापून झाली की शेवटी एक ‘आणि’ येई, आणि त्यापुढे डॉ. काशिनाथ घाणेकर हे नाव. शेवटचे नाव म्हणजे कमी महत्त्वाचे, हा हिशेब या एका अव्ययाने उलटा केला. २०१८ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा त्याच्या नावातही हा ‘आणि’ आवर्जून ठेवण्यात आला. या मानामागे ज्या भूमिका होत्या, त्यांपैकी एक मुख्य भूमिका नव्हतीच. प्रा. वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकातील लाल्याची ती भूमिका. आजच्या लेखात तिचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

जोयडा तालुक्यात बसून आम्ही हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. व्यावसायिक नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांच्या वाटेवर आमचा मुलूख कधीच नव्हता. चांगला प्रयोग पाहायचा तर वर बेळगाव गाठायचे, नाहीतर अनमोडचा घाट उतरून गोव्यात जायचे. आमच्याकडे नाटक आले ते छापील पुस्तकाच्या रूपाने. जत्रेच्या रात्री मांडवात ते हौशी मंडळींच्या तोंडून ऐकायचे. ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला होता त्यांनी परत येऊन केलेले वर्णन, आणि त्या वर्णनावरून बाकीच्यांनी मनात उभा केलेला नट, हीच आमची नाट्यपरंपरा. म्हणून दुय्यम भूमिकेचे मोल आम्हांला थोडे अधिक कळते. हौशी नाटकात नायकाचे काम बहुधा मानकऱ्याकडे किंवा वर्गणी जास्त देणाऱ्याकडे जाई; खरा नट दुसऱ्या-तिसऱ्या भूमिकेत असे, आणि प्रयोग तोच तारून नेई.

‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने रंगभूमीवर आणले. कथा थोडक्यात अशी. विद्यानंद हे एका महाविद्यालयाचे तत्त्वनिष्ठ प्राचार्य. शिक्षणसंस्थेतल्या स्वार्थी धनिकांच्या ते आड येतात, म्हणून त्यांच्यावर कुभांड रचले जाते आणि निरपराध असूनही त्यांना तुरुंगात जावे लागते. तेथे शंभू महादेव या सराईत गुन्हेगाराशी त्यांची गाठ पडते. सत्याने वागून पदरी तुरुंगच पडला, तर आता ज्यांनी आपल्याला बुडविले त्यांना त्यांच्याच मार्गाने बुडवू, असा निश्चय करून हा सज्जन माणूस वाकड्या वाटेला लागतो. इकडे त्यांचा पूर्वीचा दांडगा, उडाणटप्पू विद्यार्थी लाल्या, ज्याला त्यांनी मायेने माणसांत आणले, तो पोलीस अधिकारी झालेला असतो. गुन्हेगार झालेला गुरू आणि कायद्याचा रक्षक झालेला शिष्य समोरासमोर येतात.

ही कल्पना मोठी आहे यात शंका नाही. पण तिची मांडणी सारख्या वजनाची नाही, हे आज शांतपणे म्हणावयास हरकत नसावी. पहिल्या भागातले महाविद्यालय, तेथील राजकारण, प्राचार्यांचे घर हे सारे खरे वाटते. कानेटकर स्वतः नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. हे जग त्यांच्या हाताखालून गेलेले होते. मात्र तुरुंगाचा दरवाजा उघडला की नाटक गुन्हेकथेच्या प्रांतात शिरते आणि तेथे योगायोगांची गर्दी होते. आयुष्यभर खोटे न बोललेला प्राध्यापक इतक्या सहजतेने कारस्थाने कशी रचू लागतो, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. शेवटी सगळी गुंतागुंत भावनेच्या एका लोंढ्यात वाहून जाते. सामाजिक नाटक, सूडकथा आणि अश्रुपात असे तीन वेगळे कापड एकत्र शिवले आहे, आणि शिवण दिसते.

मग हे नाटक इतके चालले कसे? आमच्या मते याचे उत्तर लाल्याच्या जागेत आहे. संस्कृत नाट्यशास्त्राने मुख्य कथेला साहाय्य करीत दूरवर चालणाऱ्या उपकथेला ‘पताका’ म्हटले आणि तिच्या नायकाला ‘पीठमर्द’ असे नाव दिले. तो मुख्य नायकापेक्षा गुणांनी किंचित उणा, त्याचा अनुचर. पण त्याच्यावाचून नायकाचे कार्य सिद्धीस जात नाही. रामकथेतला सुग्रीव हे त्याचे नेहमीचे उदाहरण. लाल्या हा विद्यानंदांचा असाच पीठमर्द आहे. विद्यानंदांचा सारा दावा हा, की माणसावर विश्वास टाकला तर माणूस बदलतो. हा दावा ते स्वतः सिद्ध करू शकत नाहीत, कारण उत्तरार्धात त्यांचाच विश्वास उडालेला असतो. त्यांच्या आयुष्याचा एकमेव पुरावा म्हणजे वर्दी घातलेला लाल्या. प्रेक्षकाला लाल्या पटला नाही, तर विद्यानंदांचे पतनही पोकळ ठरते आणि परतणेही. नाटककाराच्या बांधणीत जो सांधा सर्वांत कच्चा होता, नेमका तोच त्याने दुय्यम भूमिकेच्या खांद्यावर ठेवला.

तो पेलणारा नट मिळाला, हे नाटकाचे भाग्य. चिपळूणचे डॉ. घाणेकर पेशाने दंतवैद्य. १९६२ साली कानेटकरांच्याच ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातील संभाजीमुळे ते नावारूपाला आले. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या रहस्यपटाने त्यांचा चेहरा नाटक न पाहणाऱ्यांनाही माहीत झाला. लाल्याने मात्र निराळेच घडविले. तोवर मराठी रंगभूमीवरचा तरुण एकतर राजपुत्र असे, नाहीतर सुसंस्कृत प्रेमिक. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर टोळके जमवून उभा असणारा, बेफिकीर, पण आतून मायेला आसुसलेला पोरगा रंगमंचावर आला तो लाल्याच्या रूपाने. त्याच्या प्रवेशाला टाळ्या आणि शिट्या पडत, त्याचे परवलीचे वाक्य पोरांच्या तोंडी बसले. नाटक हे वडीलधाऱ्यांचे, ही समजूत त्या दिवसांत मोडली.

पण टाळ्या घेणे ही एक गोष्ट आणि नाटक उचलणे ही दुसरी. येथे पणशीकरांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. विद्यानंदांची भूमिका त्यांची, आणि संस्थाही त्यांचीच. चारच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा लोखंडेने त्यांना घरोघरी पोहोचविले होते. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणविणारा तो भामटा सीमाभागातील वाचकांना वेगळा सांगावयास नको. त्या नाटकात एकाच नटाने अनेक वेष पालटून सारा रंगमंच व्यापला होता. अशा नटाने, स्वतः निर्माता असताना, पुढच्या नाटकात टाळ्यांची जागा दुसऱ्याला मोकळी करून दिली. विद्यानंद जितके संयत, तितका लाल्या उसळता. एकाने आवाज चढविला असता तर दुसऱ्याचा ऐकू आला नसता. ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये (१९६८) हीच जोडी औरंगजेब आणि संभाजी म्हणून पुन्हा समोरासमोर उभी राहिली. दुय्यम भूमिका उजळते तेव्हा मुख्य भूमिकेतल्या माणसाचे मन मोठे आहे का, हेही पाहावे लागते.

या कथेचा पुढचा प्रवास आमच्या म्हणण्याला चांगला आधार देतो. १९६९ साली सत्येन बोस यांनी ‘आँसू बन गए फूल’ हा हिंदी चित्रपट काढला. विद्यानंद झाले अशोककुमार, आणि शिष्याची भूमिका देव मुखर्जी यांच्याकडे गेली. कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. अभिनयाचे पारितोषिक मात्र ना गुरूला मिळाले, ना शिष्याला. साहाय्यक अभिनेत्याचा मान शंभू महादेवाचे काम करणाऱ्या प्राण यांना मिळाला. शिष्याचा सांधा पडद्यावर मराठीइतका घट्ट बसला नाही, तेव्हा कथेचे वजन तुरुंगातल्या त्या मिस्कील गुन्हेगाराने उचलले. ज्याने सज्जनाला वाट चुकविली, तोच प्रेक्षकाच्या मनात घर करून राहिला.

पुढे १९८४ मध्ये यश चोप्रा यांचा ‘मशाल’ आला. पटकथा जावेद अख्तर यांची. प्राचार्याच्या जागी येथे वृत्तपत्राचा निर्भीड संपादक, विनोदकुमार, ही दिलीपकुमार यांची भूमिका. लाल्याचा झाला राजा, वस्तीतला गुंड पोरगा. तो सुधारून पोलीस न होता पत्रकार होतो. मध्यरात्रीच्या सुनसान रस्त्यावर मरणोन्मुख पत्नीसाठी जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींना हात करणारे दिलीपकुमार अनेकांना आठवत असतील. तो प्रसंग थोर आहे. पण त्यानंतर संपादक पाहता पाहता गुन्हेगारीच्या धंद्यात मोठा होतो, तेव्हा मूळ नाटकाचीच शिवण पुन्हा उसवते. तेथेही चित्रपट सावरतो तो राजामुळे. अनिल कपूर तेव्हा नवखे होते, समोर दिलीपकुमारांसारखा नट होता. तरी साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांनी मिळविले.

एकाच कथेची ही तीन रूपे. नायक तिन्हींत कसलेले, आणि तिन्ही वेळी लोकांनी उचलून धरला तो दुसऱ्या जागेवरचा माणूस. हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या कथेत सज्जनाला दुर्जन व्हावे लागते, तिच्यात मुख्य पात्राला एका मोठ्या अविश्वसनीय वळणावरून जावे लागते, आणि त्या वळणावर प्रेक्षक त्याचा हात सोडतो. त्या क्षणी त्याला धरायला दुसरे कोणी लागते. दुय्यम पात्राची वाट सरळ असते. ते एकाच दिशेने बदलते, आणि म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

याला एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. लाल्याने नाटक उचलले की गिळले? लोक विद्यानंदांची व्यथा पाहायला येत होते, की लाल्याच्या लकबी? शेक्सपिअरविषयी ड्रायडनने एक आख्यायिका नोंदविली आहे, की मर्क्युशिओला तिसऱ्या अंकातच मारावे लागले, नाहीतर त्यानेच नाटककाराला मारले असते. कानेटकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांना ही गोष्ट ठाऊक नसेल असे नाही. तरी त्यांनी लाल्याला मारले नाही. त्याला वर्दी घालून परत आणले, आणि त्यातच उत्तर आहे. पूर्वार्धातली ऐट कोणालाही उचलता येते. हौशी रंगभूमीवरच्या कित्येक लाल्यांनी ती उचलली. केस तसेच, चाल तशीच, वाक्याची फेकही तशीच. पण उत्तरार्धात, ज्याने आपल्याला घडविले त्याच्याच विरुद्ध उभे राहताना ती ऐट गिळावी लागते. तेथे नकला करणारे उघडे पडत आणि मांडवातली माणसे चहाला उठत. लाल्याची खरी परीक्षा टाळ्यांच्या प्रवेशात नव्हे, या दुसऱ्या प्रवेशात आहे.

पुढे रमेश भाटकर यांनी लाल्याचे काम नावारूपाला आणले. दूरदर्शनवरील ‘हॅलो इन्स्पेक्टर’मुळे तेही पुढे वर्दीतच अधिक ओळखले गेले, हा मौजेचा योग. २०१८ च्या चित्रपटात घाणेकरांचे काम करणारे सुबोध भावे २०१९ मध्ये रंगमंचावर लाल्या होऊन उभे राहिले. भूमिका जिवंत आहे याची ही खूण. मूळ प्रयोग मात्र गेला. डॉ. घाणेकर १९८६ साली अमरावतीला, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच वारले. कानेटकर २००० साली गेले, पणशीकर २०११ साली.

चित्रपटातले प्राण आणि अनिल कपूर आजही पाहता येतात. १९६६ च्या लाल्याचे तसे नाही. तो आता केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि त्या वेळी विशीत असलेली माणसे आज ऐंशीला टेकली आहेत. आमच्या तालुक्याला पुसले जाण्याची सवय आहे. तालुक्याचे जुने गाव सुपा काळी नदीच्या धरणाखाली गेले, कचेरी जोयड्याला आली, माणसे रामनगरला आणि आणखी कोठे कोठे पांगली. घरे मोजली गेली, जमिनी मोजल्या गेल्या. कोणत्या जत्रेत कोणते नाटक झाले, कोणाचे काम गाजले, हे मोजायला कोणी आले नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ज्यांनी बेळगावात, गोव्यात किंवा मुंबईत मूळ नाटक पाहिले असेल त्यांनी, आणि ज्यांनी आपल्याच मांडवात पाहिले असेल त्यांनीही, आठवते ते चार ओळींत लिहून ठेवावे. पेटीच्या तळाशी एखादे पिवळे पडलेले हस्तपत्रक असेल तर ते रद्दीत देऊ नये. नायक कोण होता ते बहुधा सगळ्यांना आठवेल. त्याच्यानंतरच्या नावांसाठी थोडे थांबावे, आणि ती नावेही लिहावी.