डायलिसिसची सुई कोण टोचतं?

डायलिसिस म्हटलं की आपल्याला मशीन आठवतं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला तर आधी मशीनच दिसतं. पण आजचा एपिसोड त्या मशीनशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरबद्दल आहे.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी 1943 साली कृत्रिम किडनी माणसावर वापरली. अडचण वेगळीच होती. प्रत्येक वेळी रक्त बाहेर घ्यायला धमनी आणि शीर कापावी लागे, आणि ती जागा वाया जाई. जागा संपल्या की उपचार संपला. म्हणजे किडनी कायमची गेलेल्याला मशीन असूनही उपयोग नाही.

मार्च 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवली. पहिले पेशंट क्लाइड शील्ड्स, बोइंगमधले मशिनिस्ट. ते त्यानंतर 11 वर्षं जगले! पण नळीचा भाग त्वचेबाहेर राहायचा. गुठळी व्हायची, जंतुसंसर्ग व्हायचा.

मग 1966 साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या डॉक्टरांनी, ब्रेशिया आणि चिमिनो यांच्या टीमने, एक साधा उपाय छापला. मनगटाजवळ धमनी थेट शिरेला जोडायची. जोरात रक्त आल्याने शीर फुगते, जाड होते. यालाच फिस्टुला म्हणतात. बाहेर नळीच नाही.

फक्त आता दर वेळी दोन जाड सुया टोचायच्या. आठवड्यातून तीनदा धरलं तर वर्षाला 312 टोचण्या, त्याही हाताच्या वीतभर जागेत. डॉक्टरांनी फिस्टुला एकदा बनवला. तो टिकवायचं काम मुख्यतः सिस्टरकडे आलं. सुई शिरेच्या आरपार गेली तर रक्त आत पसरतं, हात काळानिळा होतो. फिस्टुला कायमचा गेला तर नवीन जागा शोधायची, आणि जागा मोजक्याच असतात.

म्हणून आधी बोटं ठेवायची. चांगल्या फिस्टुलावर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. तिच्याजागी नुसते ठोके लागायला लागले, किंवा स्टेथोस्कोपमध्ये शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तर पुढे कुठेतरी शीर अरुंद झाली असावी. हे मशीनचा अलार्म वाजण्याच्या कितीतरी आधी कळू शकतं. तसंच बीपी पडण्याआधी काही पेशंट जांभया देऊ लागतात. मुरलेली सिस्टर जांभई पाहूनच बीपी तपासते.

हे ज्ञान येतं कुठून? इथे आपल्या फील्डमधली एक गंमत आहे. 1972 मध्ये 'कॉम्प्युटरला काय जमत नाही' यावर पुस्तक लिहिणारे तत्त्वज्ञ ह्युबर्ट ड्रेफस आठवतात? त्यांनी आणि त्यांचे भाऊ स्टुअर्ट यांनी 1980 साली अमेरिकन हवाई दलासाठी एक मॉडेल मांडलं: नवशिका नियम पाळतो, तज्ज्ञ परिस्थिती बघूनच ओळखतो. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 च्या पुस्तकात तेच मॉडेल नर्सिंगला लावलं. पुढे ऑस्ट्रेलियात ॲन बॉनर यांनी किडनी विभागातल्या नर्सेसचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत तीन टप्पे आहेत: तज्ज्ञ नसलेली, अनुभवी पण तज्ज्ञ नसलेली, आणि तज्ज्ञ. मधला टप्पा मला सगळ्यात खरा वाटतो. आपल्याकडेही 'दहा वर्षांचा एक्सपीरियन्स' असलेले सीनियर असतातच की!

माझे मामा डायलिसिसवर आहेत. त्यांच्या सेंटरमध्ये (नाव राहू दे) सिस्टर सारख्या बदलतात. मॅनेजमेंटच्या लेखी ट्रेनिंगचा कोर्स झाला की सगळ्या सारख्याच. एका जुन्या सिस्टरने मामांना शिकवलं होतं: रोज सकाळी उठल्यावर फिस्टुलावर बोटं ठेवायची, थरथर लागली नाही तर चहासुद्धा न घेता फोन करायचा. त्या सिस्टर आता दुसरीकडे गेल्यात. मामा नवीन सिस्टर आली की आधी तिचे हात बघतात. ती सुई उघडण्याआधी फिस्टुला चाचपते का, एवढंच. नाही चाचपलं, तर हात मागे घेऊन म्हणतात, "ताई, आधी जरा बघा ना."