सुताराच्या घरची वही

आमचे आजोबा सुतार होते. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेली फणसाच्या लाकडाची पेटी अजून आमच्या माजघरात आहे आणि तिच्यात त्यांच्या हिशेबाच्या तीन वह्या आहेत. नांगर, पाट, पाळणा; कोणाचे पैसे आले आणि कोणाकडे राहिले, एवढेच त्यांत लिहिलेले. तिसऱ्या वहीतली चार पाने मात्र नाहीत. ती कुठे गेली ते शेवटी सांगतो. आधी दुसऱ्याच एका सुताराच्या घरची वही उघडू.

या सुताराचे नाव हाइनरिश श्टाइनवेग. जर्मनीतल्या हार्त्स डोंगराच्या कुशीतल्या वोल्फ्सहागेन गावी १७९७ साली तो जन्मला. पुढे तो झेझेन गावी स्थायिक झाला, तिथे युलियाने नावाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि कपाटे-टेबले करता करता तो वाद्यांकडे वळला. १८३६ साली त्याने एक मोठा पियानो घडवला, तोही घरच्या स्वयंपाकघरात. त्या घराण्यात आजही त्याला ‘स्वयंपाकघरातला पियानो’ म्हणतात. बाई चुलीशी काय म्हणत असेल, हे आपल्या घरातल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे!

१८४८ च्या क्रांतीने जर्मन संस्थाने ढवळून निघाली. पुढच्याच वर्षी कार्ल नावाचा मुलगा अमेरिकेला गेला. १८५० साली त्रेपन्न वर्षांचा बाप बायकामुलांसह त्याच्यामागून न्यूयॉर्कला पोचला. फक्त थोरला थिओडोर मागे राहिला. ज्या वयात आपल्याकडे माणसे काशीयात्रेचे बेत करतात, त्या वयात हा कसबी माणूस परक्या देशात परक्याच्या कारखान्यात कामाला लागला. तीन वर्षे बापलेकांनी दुसऱ्यांची चाकरी करून तिथली रीत शिकून घेतली आणि ५ मार्च १८५३ रोजी स्वतःचे दुकान थाटले. ‘श्टाइनवेग’चे ‘स्टाइनवे’ झाले. ‘स्टाइनवे आणि पुत्र’ हे नाव आज जगातल्या मोठमोठ्या संगीतगृहांतल्या पियानोंवर सोनेरी अक्षरांत दिसते.

दुकान निघाले त्याच दिवशी विल्यम या मुलाला अठरावे वर्ष पुरे झाले. हाच विल्यम आपल्या वहीचा लेखक. २० एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या तीन दिवस आधी, त्याने रोजनिशी सुरू केली. अमेरिकेतले यादवी युद्ध पेटून तेव्हा आठवडाच झाला होता. १८९६ च्या नोव्हेंबरात तो वारला. त्याच महिन्यापर्यंत तो लिहीत होता. छत्तीस वर्षे, नऊ वह्या, अडीच हजारांवर पाने! तो लिहितो बहुतेक इंग्रजीत. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण शाळेतल्या संगणकावर, कोश मांडीवर घेऊन, मी संध्याकाळी त्यातली पाने वाचत बसतो.

त्यात काय आहे? हवा कशी होती, किती पियानो विकले, कोणी पैसे उसने मागितले, पत्ते कोणाबरोबर खेळलो, गाण्याच्या मंडळात कोण आले, संधिवाताने पाय किती दुखला. आमच्या आजोबांच्या वहीसारखेच. पण मधूनच त्या साध्या ओळींतून इतिहास अंगावर येतो. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये भयंकर दंगल उसळली. जमाव कारखान्यावर चालून आला. भाऊ चार्ल्स, म्हणजे आपला कार्ल, पुढे झाला. त्याने म्होरक्यांशी बोलणे केले, काही पैसे दिले आणि कारखाना वाचला.

मार्च १८६५ मध्ये एकाच महिन्यात दोन भाऊ गेले. हेन्री न्यूयॉर्कात क्षयाने आणि चार्ल्स ब्राउनश्वाइगला विषमज्वराने. पियानोच्या तारा एकमेकींवरून तिरप्या ओढण्याची युक्ती मोठ्या पियानोत बसवून १८५९ साली तिचा हक्क मिळवणारा तो हेन्रीच. मग मागे राहिलेला थिओडोर जर्मनीतला धंदा विकून बापाच्या मदतीला धावला. १८७२ साली आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी संप केला, तेव्हा सुताराचा मुलगा मालक म्हणून सुतारांच्या समोर उभा होता. काळ माणसाला कुठे नेऊन उभे करील, सांगता येत नाही.

सर्वांत जड पाने १८७५-७६ ची आहेत. आपल्या पत्नीचे, रेगिनाचे, मन दुसरीकडे गेले आहे आणि धाकटा मुलगा आपला नाही, हे विल्यमला कळले. त्याने ते वहीत लिहिले. १८७६ मध्ये काडीमोड झाला आणि ती त्या मुलाला घेऊन फ्रान्सला गेली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या महाप्रदर्शनात त्यांच्या पियानोचा गौरव होत होता. बाहेर वाहवा आणि घरात हे.

विल्यमचा नातू हेन्री स्टाइनवे याने या वह्या वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाला दिल्या, त्या या पानांसकट. आजोबांची नामुष्की कात्री लावून वेगळी काढली नाही. मला हे वाचून रात्रभर झोप आली नाही.

कारण आमच्या वहीतली ती चार पाने मी फाडली आहेत. वीस वर्षांपूर्वी घराचे छप्पर शाकारताना पेटी खाली काढली होती. त्या पानांवर माझ्या थोरल्या आत्याचे होते. ती सासर सोडून रात्री चालत माहेरी आली, आजोबांनी तिला पुन्हा धाडली नाही, आणि भाऊबंदांनी आजोबांना वाळीत टाकले, असे काहीसे. काका म्हणाले, “घराण्याची शोभा होते आहे. बंबात घाल.” मी घातली. मलाही तेव्हा लाजच वाटली होती.

आज वाटते, त्या चार पानांत आमच्या घराण्याची शोभाच होती. वाळीत पडूनही लेकीला पाठीशी घालणारा बाप त्यांत होता.

परवा वही पुन्हा चाळली. फाडलेल्या पानांनंतरच्या पानावर, माझ्या नजरेतून तेव्हा सुटलेली, आजोबांच्या हातची एक नोंद आहे: दोन लुगडी, एक चोळखण, गाडीभाडे आठ आणे. नाव नाही. पण त्या घरात तेव्हा लुगडी नेसणारी नवी कोण आली होती, हे आता मला माहीत आहे. ते मी वहीच्या शेवटी माझ्या अक्षरात लिहून ठेवले आहे, आत्याच्या नावासकट. यंदा दिवाळीला मुले घरी आली, की पेटी त्यांच्यासमोर उघडणार आहे.