चेन, पॉइंट आणि पहिला पिस्टन : उल्हास खोऱ्यातील घरगुती इंजिनबांधणीचा ऐतिहासिक विचार

मोटारीच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा दोन वाटांनी झाले आहे : कारखानदारांचे चरित्र आणि शासनाच्या औद्योगिक धोरणाचा आढावा. विकत घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालती ठेवण्याची विद्या मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेर राहिली. प्रस्तुत निबंधात या विद्येतील एका कळीच्या भागाचा, म्हणजे इंजिन पुन्हा बांधताना त्याचे ‘टायमिंग’ अचूक जुळविण्याचा, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात विचार करावयाचा आहे.

हा पट्टा निवडण्यास कारण आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सर्वपरिचित आहे. परंतु वस्तू उघडून पाहून तशीच घडविण्याचे कौशल्य ही त्या विनोदामागील वस्तुस्थिती होय. शेजारच्या अंबरनाथला 1953 मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हा संरक्षण खात्याचा कारखाना उभा राहिला. पुढे 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर येथे वाढल्या. लेथवर काम करणारा, मायक्रोमीटर वाचू शकणारा कामगारवर्ग त्यामुळे या परिसरात वस्तीला होता.

गाडीही ओळखीची होती. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे प्रथम अमेरिकन गाड्या व नंतर 1954 पासून फियाट 1100 बांधण्यास आरंभ केला. त्याच सुमारास शासकीय धोरणामुळे, ज्यांच्यापाशी प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नव्हती अशा परदेशी कंपन्यांना येथील जुळणी बंद करावी लागली. मुंबईत 1928 पासून जुळणी करणारी जनरल मोटर्सही त्यांत होती. बाजारात मोजकीच मॉडेले उरली. फियाटचे नाव 1974 मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, पण 1089 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मूलतः तेच राहिले. परवाना पद्धतीवर ग्राहकाच्या बाजूने झालेली टीका रास्तच आहे. तथापि एकच इंजिन पिढ्यानुपिढ्या रस्त्यावर राहिल्याने त्याचे ज्ञान कारखान्याबाहेर पसरले, या परिणामाची नोंद कोणी फारशी घेतलेली नाही. घरच्या अंगणात इंजिन उतरविण्याचे धाडस अशा परिस्थितीतच संभवते.

आता मूळ विषय. ऑटो याने 1876 मध्ये यशस्वी केलेल्या चार ठोक्यांच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या चाकास क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. या इंजिनात ही दोन चाके समोरच्या झाकणाआड साखळीने जोडलेली असतात. चाकांवरील खुणा परस्परांसमोर आणून साखळी चढवावयाची, एवढेच काम दिसावयास आहे. परंतु क्रँकच्या चाकास वीस दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे अठरा अंशांची चूक. इंजिन कदाचित सुरूही होते. मात्र ते चढाला दम टाकते आणि तापते. दोष कार्बोरेटरवर ढकलला जातो. खरे कारण शोधावयाचे तर पुन्हा पुढचे झाकण काढणे आले.

दुसरे टायमिंग ठिणगीचे. केटरिंगने 1910 च्या सुमारास रूढ केलेली पॉइंट व कॉइलची पद्धती पद्मिनीपर्यंत टिकली. येथील नेहमीचा घोटाळा असा की पहिला पिस्टन प्रत्येक दोन फेऱ्यांत दोनदा माथ्यावर येतो : एकदा दाबाच्या ठोक्याअखेर आणि एकदा धूर बाहेर टाकताना. क्रँकच्या पुलीवरील खूण दोन्ही वेळा सारखीच दिसते. दुसऱ्या वेळी डिस्ट्रिब्युटर बसविला तर तो अर्ध्या फेऱ्याने चुकतो आणि इंजिन कार्बोरेटरमधून भडका मारते. त्यावरचा उपाय विनाखर्चाचा आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावयाचे व क्रँक हाताने फिरवावयाचा; हवा बोटाला ढकलू लागली की दाबाचा ठोका चालू आहे. पुढे पॉइंट नेमका केव्हा उघडतो हे पाहण्यास एक साधा बल्ब पुरतो. त्याची एक तार डिस्ट्रिब्युटरला व दुसरी इंजिनाच्या धातूला जोडली, की पॉइंट उघडताक्षणी तो पेटतो. ठिणग्यांचा क्रम एक, तीन, चार, दोन. हे सर्व बोट, डोळा व कान यांचे ज्ञान आहे. पुस्तकात ते असते, पण पुस्तकातून येत नाही.

पुस्तकातील अंशही अखेरचा शब्द नसे. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन खडखडते, म्हणून डिस्ट्रिब्युटर किंचित मागे फिरवावा लागतो. शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झाले. अशा बदलांशी जुने इंजिन जुळवून घेण्याचे काम शेवटी दुरुस्ती करणाऱ्याच्या कानावरच आले.

दिनांक 26 जुलै 2005 च्या महापुरात उल्हास नदीकाठची वस्ती जलमय झाली. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी प्लग काढून क्रँक हाताने फिरविण्याची जुनी सवय हीच इंजिन वाचविणारी ठरते.

या विद्येचा ऱ्हास पुराने झाला नाही. कल्याण-शीळ मार्गावरील प्रीमियरच्या कारखान्यात 1990 च्या दशकात प्यूजो 309 तयार होऊ लागली. साखळीऐवजी टायमिंग बेल्ट असलेली ही गाडी याच परिसराच्या वेशीवर घडत होती. त्या गाडीच्या डिझेल इंजिनात बेल्ट तुटला वा चुकीचा बसला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. चुकून शिकण्याची मुभाच तेथे संपली. पुढे पेट्रोल इंजिनांत ठिणगीचा क्षण संगणक ठरवू लागला व फिरविण्यासारखा डिस्ट्रिब्युटरच उरला नाही. स्वच्छ धुराच्या दृष्टीने हे इष्टच झाले, त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे प्रयोजन नाही. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. साखळीवरील खुणा जुळविणारे अनेक हात अद्याप या पट्ट्यात आहेत आणि ते वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती व प्रशिक्षणार्थींच्या जुन्या वह्या जमविण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करता येण्याजोगे आहे, आणि त्यास फार तर दहा वर्षे हाताशी आहेत.