केंद्र नसलेलं जाळं आणि त्याचे नवे मालक

इंटरनेटचा इतिहास वाचताना मी दरवेळी १९६४ सालापाशी थांबतो. अणुहल्ल्यात मुख्य केंद्रच उडालं तर संदेश पोहोचणार कसे, हा प्रश्न रँड कॉर्पोरेशनचे अभियंते पॉल बॅरन यांना पडला होता. त्यांचं उत्तर सरळ होतं. केंद्रच ठेवू नका. संदेशाचे तुकडे करा आणि मिळेल त्या वाटेनं जाऊ द्या. १९६९च्या अर्पानेटमध्ये संदेश असेच तुकड्यांनी जाऊ लागले.

पुढे वेब आलं आणि वेगळीच अडचण उभी राहिली. वाटा अनेक, पण मजकूर एकाच सर्व्हरवर! लाखो लोक एकदम आले की तो कोलमडायचा. शिवाय अंतर होतंच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे एका जाण्यायेण्याला किमान सव्वाशे मिलिसेकंद, आणि एक पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या.

१९९५ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी हा पेच एमआयटीतल्या सहकाऱ्यांपुढे मांडला. गणितज्ञ टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनी लेविन यांनी तो मनावर घेतला. मजकुराच्या प्रती ठिकठिकाणी ठेवायच्या आणि वाचकाला जवळची प्रत द्यायची. कुठली प्रत कुठे, हे ठरवण्याची त्यांची रीत अशी, की एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याच्याच वाट्याचा मजकूर हलवावा लागतो, बाकीचा जागेवर राहतो. यातून १९९८मध्ये अकामाई ही कंपनी उभी राहिली.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. वय ३१. त्या दिवशी सारं जग बातम्यांसाठी वेबवर धावलं, आणि त्या गर्दीचा भार त्यांचंच जाळं पेलत होतं.

आज मात्र हे काम मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. ८ जून २०२१ रोजी फास्टलीच्या एका ग्राहकानं साधी मांडणी बदलली, त्यातून सॉफ्टवेअरमधला दडलेला दोष जागा झाला आणि 'गार्डियन'पासून ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळापर्यंत सगळं काही काळ ठप्प झालं.

मला त्याहून मोठी वाटते ती २०१७ची घटना. शार्लट्सव्हिलच्या हिंसाचारानंतर क्लाउडफ्लेअरनं एका नवनाझी संकेतस्थळाची सेवा तोडली. द्वेषाची ती पेठ उठली याचा मला आनंदच झाला. पण कंपनीचे प्रमुख मॅथ्यू प्रिन्स यांनी स्वतःच कबूल केलं, की असा अधिकार एका माणसाकडे असता कामा नये. उद्या हाच अधिकार एखाद्या दुबळ्या समूहाच्या छोट्या नियतकालिकावर चालला तर दाद कुठे मागायची?

प्रती जवळ हव्यातच. पण त्या अनेकांच्या हाती असाव्यात, आणि सेवा तोडायची तर कारण सांगण्याची व अपील ऐकण्याची सक्ती हवी. बॅरन यांनी केंद्र काढलं ते बॉम्बच्या भीतीनं. आपण ते पुन्हा उभं केलं ते सोयीसाठी, आणि तेही कुणाशी चर्चा न करता.