बोटचेपेपणाची कुळकथा

डाळ शिजली का हे पाहायला आपण एक दाणा चिमटीत धरून दाबतो. दाणा दबला पण त्याचं पीठ झालं नाही, की डाळ ‘बोटचेपी’ झाली. मऊपणाचं माप बोटच, हे आपल्या भाषेने त्या एका शब्दात कधीचं नोंदवून ठेवलं आहे. संगणकातली, प्रत्यक्षात नसलेली वस्तू हाताला मऊ कशी लागावी, या प्रश्नामागे लागलेल्या अभियंत्यांना मात्र बोटापर्यंत पोचायला चाळीसएक वर्षं लागली.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे एक लोखंडी हात. शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांना किरणोत्सारी पदार्थ स्पर्श न करता हाताळायचे होते. संरक्षक भिंतीच्या पलीकडे यंत्राचा हात, अलीकडे माणसाचा. 1954 मध्ये त्यांनी हे दोन हात विजेने असे जोडले, की पलीकडचा कशाला अडला तर अलीकडच्यालाही तो अडसर जाणवे. पुढे 1967 पासून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रूक्स यांनी पलीकडची खरी वस्तूच काढून तिच्या जागी गणित ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या गटाने वापरलेला हातही अरगॉनच्याच घराण्यातला होता.

1990 नंतर एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी ‘फँटम’ हे टेबलावर मावणारं यंत्र घडवलं. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपणात बोट घालायचं. ते काल्पनिक वस्तूत जितकं रुतेल, तितक्या जोराने यंत्र त्याला मागे ढकलतं. जोर कमी ठेवला की वस्तू मऊ, वाढवला की टणक. हा हिशेब सेकंदाला सुमारे 1000 वेळा होतो. तो मंदावला, तर टणक भिंत बोटाखाली थरथरू लागते. गणित चोख होतं. पण टोपणाच्या आत बोट टेकलेलं असे ते कडक कवचालाच.

उणीव नेमकी कुठे होती, ते 1995 मध्ये मंडयम श्रीनिवासन आणि रॉबर्ट लामॉट यांच्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी कमीअधिक मऊ रबराचे नमुने लोकांना दाबायला दिले. मग बोटाची त्वचा बधिर करून तेच नमुने पुन्हा दिले. स्नायू आणि सांधे शाबूत होते, जोर लावता येत होता, तरीही अगदी मऊ आणि बऱ्यापैकी टणक रबरातला फरक लोकांना सांगता येईना. उलट हात स्थिर ठेवून रबरच बधिर न केलेल्या बोटावर दाबलं, तर फरक कळे. रबराचा मऊपणा हाताच्या जोरापेक्षा बोटाच्या कातडीला कळत होता. या साऱ्या कथेत मला सर्वात मोलाचा वाटतो तो हा प्रयोग.

कातडीला कळतं म्हणजे काय? 2000 मध्ये पिसा विद्यापीठातल्या अंतोनिओ बिक्की आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर मांडलं: दाब वाढेल तसं बोटाचं टोक वस्तूवर किती झपाट्याने पसरतं, यावरून आपण मऊपणा ओळखतो. काचेवर ते थोडंच पसरतं, लोण्याच्या गोळ्यावर भराभर. हे पसरणं यंत्राने घडवायला त्यांनी एकात एक बसणाऱ्या नळ्या घेतल्या आणि त्यांत हवेचा दाब सोडला. बोट आधी आतल्या नळीला टेकतं, दाबत गेलं की एकेक बाहेरची नळी त्याला भिडते.

नळ्यांच्या कडा बोटाला टोचणारच. म्हणून 2010 च्या सुमारास त्याच गटाने लवचीक कापड आणलं. मोटरने ते ताणलं की टणक, सैल सोडलं की मऊ. आणि बोट त्यावर किती पसरलं, ते खालून कॅमेरा पाहत राहतो. या कुळातलं सर्वात शहाणं यंत्र मी यालाच म्हणेन, कारण ते बोटाकडे बघून काम करतं.