तांब्या, वांगं आणि जवसाचं तेल

चित्रकलेच्या खात्यात तांब्याला बढती फार उशिरा मिळाली. १६६७ साली फेलिबियाँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांनी चित्रविषयांची चक्क सीनिऑरिटी लिस्टच लावून टाकली. सर्वांत वर देवादिक आणि इतिहासपुरुष, त्यांच्याखाली साधी माणसं, मग जिवंत जनावरं, मग डोंगर-झाडं आणि अगदी तळाशी फळं, फुलं, शिंपले. माठ, कढई, तांब्या वगैरे मंडळीही याच तळमजल्यावर. हाक मारली तरी हलत नाहीत, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा!

त्यांची बाजू घेतली शार्दँ या पॅरिसच्या चित्रकाराने. पाण्याचं तांब्याचं पिंप, पातेली, खलबत्ता हे सगळं त्याने तैलरंगात मन लावून रंगवलं. १७२८ साली अकादमीने त्याला सभासद करून घेतलं आणि १७५५ साली तर खजिनदार नेमलं! पुढे एकोणीस वर्षं तो तिचे हिशेब सांभाळत होता. कलेच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं ही गोष्ट एका ओळीत उरकतात. मी पडलो बी.कॉम. मला ती फार मोठी वाटते.

आपल्याकडे ही विद्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडून (स्थापना १८५७) पायरी पायरीने उतरत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांपर्यंत आली. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही पांढरपेशा घरात चौकशी करा, वस्तुचित्राच्या पेपराला बादली आणि वांगं काढलेला एक तरी इसम निघतोच. पुढे तो इसम नोकरीला लागतो आणि वांगं ट्रंकेत जातं. माझं तेवढं रविवारी बाहेर निघतं.

परीक्षेत जलरंग असतात. तैलरंग हे निराळं प्रकरण. त्यातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. (शेंगदाण्याचं तेल जन्मात सुकत नाही. आम्हां खानदेशी लोकांना हे सांगून ठेवलेलं बरं.) एक थर सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, त्यामुळे वीतभर चित्रालाही दोन-तीन रविवार लागतात. जळगावचं केळं एवढी रजा मंजूर करत नाही. या रविवारी पिवळं, पुढच्या रविवारी काळं! भरताचं हिरवट-पांढरं वांगं जरा तग धरतं, पण त्यावर स्वयंपाकघराचा आधीच बोजा चढवलेला असतो.

“अहो, फोटो काढून ठेवा ना त्याचा! मला भाजायचंय ते.”

फोटो म्हटला की खानदेशात एकच नाव निघतं, चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२चा. चित्रंही काढत, पण नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीत. हेही वस्तुचित्रच, फक्त कुंचल्याच्या जागी कॅमेरा. घरातल्या किरकोळ वस्तू टेबलावर मांडायच्या आणि उजेड असा पाडायचा, की बघणाऱ्याला वाटावं, केवढा मुलूख पसरलाय! स्टेशनाजवळच्या आपल्या घराला त्यांनी ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ असं नाव दिलं आणि सुमारे पन्नास वर्षं ते जवळजवळ त्याबाहेर पडलेच नाहीत. बाहेर गाड्या येत-जात राहिल्या, यांचा प्रवास टेबलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. आम्ही धुळ्याहून जळगावला बदली झाली तरी युनियनकडे धावतो.

चाळीसगावात एक गोष्ट सांगतात. मुंबईची एक मुलगी ‘पंजाब मेलने येईन’ असं त्यांना म्हणाली होती. ती आली नाही. मूस मात्र रोज रात्री ती गाडी यायच्या वेळी दार उघडं ठेवून दोघांचं जेवण मांडत. ३१ डिसेंबर १९८९ला ते गेले. घरात आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. गोष्टीचं ऑडिट मी करणार नाही, पण दोन ताटं, दोन पेले आणि उघडं दार ही मांडणी फेलिबियाँसाहेबांनी तळालाच टाकली असती.

घरी हे सांगितलं, तेव्हा आतला खडखडाट थांबला. मग आवाज आला, “राहू द्या ते वांगं पुढच्या रविवारपर्यंत. पिठलं टाकते.”