सोळा म्हणजे नेमकं काय सोळा?

१९८८ च्या ऑक्टोबरात सेगा कंपनीने जपानमध्ये मेगा ड्राइव्ह नावाचा व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आणला. काळा डबा आणि त्याच्यावर ठसठशीत सोनेरी अक्षरं: ‘१६-बिट’. पोटातली गोष्ट कपाळावर लिहिली होती. आज आपण त्या कपाळावरच्या आकड्याकडे जरा निरखून पाहू. आमचा विषय तत्त्वज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे. त्यामुळे आमचा प्रश्नही थोडा वेडगळ वाटेल. सोळा म्हणजे नेमकं काय सोळा?

त्याआधी बाजारावर राज्य होतं निन्टेंडोच्या १९८३ च्या ८-बिट यंत्राचं. आपल्याकडे नव्वदीत घरोघरी जो ‘व्हिडिओ गेम’ आला, कॅसेट खोचून खेळायचा, तो बहुतेक वेळा याच यंत्राची नक्कल असे. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं, आणि आत तेच मोजके खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा. असो. आकडा कसा फुगतो ते आपल्या मुलांना तेव्हाच कळलं होतं.

बिट म्हणजे शून्य किंवा एक. ८-बिट प्रोसेसर एका दमात आठ बिटांची संख्या हाताळतो, म्हणजे ० ते २५५; १६-बिट प्रोसेसर ६५,५३५ पर्यंत जातो. इथवर सरळ आहे. आता सेगाच्या डब्यातला प्रोसेसर पाहा: मोटोरोला ६८०००. त्याच्या आतली रजिस्टरं, म्हणजे हिशेब करताना आकडे ठेवायच्या जागा, ३२ बिटांच्या. बाहेरच्या मेमरीपर्यंतचा रस्ता मात्र १६ बिटांचा. १९९० मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर आत १६ बिटांचा, बाहेरचा रस्ता ८ बिटांचा. आणि एनईसी कंपनीने अमेरिकेत विकलेल्या टर्बोग्राफ्क्स-१६ चा मुख्य प्रोसेसर सरळ ८-बिट होता; नावातला सोळा आला चित्र काढणाऱ्या चिपमधून. तीन यंत्रं, तिन्ही सोळा, आणि प्रत्येकाचा सोळा वेगळ्या जागी मोजलेला!

आपल्या वैशेषिकांनी संख्येला गुण मानलं. पण दोन आणि त्यापुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात असंही म्हटलं. मोजणाऱ्याची बुद्धी ‘हा एक, हा एक’ असं एकत्र धरते तेव्हा द्वित्व येतं. काय एकत्र धरायचं हे कुणी ठरवलं, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला टाळता येत नाही. इथे ते जाहिरात खात्याने ठरवलं.

आता वेग. सेगाचा प्रोसेसर ७.६७ मेगाहर्ट्झचा, निन्टेंडोचा फार तर ३.५८. म्हणजे सेगा दुप्पट वेगवान? मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात त्याचा हिशेब. एका ठोक्यात काम किती होतं ते त्यात येत नाही. ६८००० ला साध्यात साध्या आज्ञेलाही चार ठोके लागतात, निन्टेंडोच्या प्रोसेसरला दोन पुरतात. मेमरीतून माल आणायचा तर सेगा चार ठोक्यांत दोन बाइट आणतो, म्हणजे सेकंदाला साधारण ३८ लाख. निन्टेंडो एका ठोक्यात एक बाइट आणतो. मेमरीच्या वेगानुसार सेकंदाला २७ ते ३६ लाख. दुप्पट म्हणता म्हणता फरक केवढासा उरला पाहा. पण म्हणून सेगावाले खोटं बोलत होते असं म्हणू नका. ६८००० पाशी मोठी रजिस्टरं भरपूर. दर वेळी मेमरीकडे धाव घ्यावी लागत नाही. पडद्यावर पंचवीस शत्रू एकदम आले की हा फरक जाणवतो. निन्टेंडोवरचे ‘ग्रेडियस थ्री’सारखे सुरुवातीचे खेळ गर्दी झाली की खरोखर मंदावत.

रंगांकडे वळलो की पारडं उलटं. सेगाकडे निवडायला ५१२ रंग, एका वेळी पडद्यावर साठेक. निन्टेंडोकडे ३२,७६८, आणि एका वेळी २५६. आवाजाची चिप निन्टेंडोसाठी सोनीच्या केन कुतारागींनी घडवली होती. पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले जाणारे ते हेच. रंग अधिक की शत्रू अधिक, यातलं ‘शक्तिशाली’ कोणतं? दोन्हीला एकच माप लावता येईल असा तराजू नाही, आणि आमच्या मते तो नव्हताच कधी.

पण ग्राहकाला तर एकच उत्तर हवं होतं, आणि ते मागण्यात गैर काही नव्हतं. अमेरिकेत सेगाचं यंत्र १८९ डॉलरना आलं, निन्टेंडोचं १९९ ना. एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नाही. घरात एकच यंत्र येणार, आणि पुढची चार-पाच वर्षं मुलं त्यावरच खेळणार. आईबाप दुकानात उभे, समोर दोन डबे. त्यांना प्रोसेसरची रजिस्टरं कोण समजावणार? त्यांना आकडा दिला गेला; आणि दोघांचा आकडा सारखाच, सोळा, झाला तेव्हा शब्द दिला गेला.

तो शब्द ‘ब्लास्ट प्रोसेसिंग’. सेगाच्या अमेरिकन शाखेने तो नव्वदीच्या सुरुवातीला गाजवला: आमच्याकडे आहे, निन्टेंडोकडे नाही. सेगाचे स्कॉट बेलेस यांनी पुढे सांगितलं की पडद्यावर जास्त रंग दिसावेत म्हणून चिपमध्ये माहिती भराभर ढकलायची एक अवघड युक्ती होती, तिचं वर्णन करताना ‘ब्लास्ट’ हा शब्द निघाला आणि प्रसिद्धीवाल्यांनी उचलला. म्हणजे युक्ती होती रंगांची, आणि जाहिरातीत झाली वेगाची! सॉनिक त्यामुळे पळत नव्हता. तो पळत होता कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो तसा लिहिला होता.

निन्टेंडोचं उत्तर आम्हाला तर्कदृष्ट्या जास्त रंजक वाटतं. १९९३ च्या ‘स्टार फॉक्स’ खेळात त्रिमितीय आकृत्या काढायला त्यांनी कॅसेटमध्येच सुपर एफएक्स नावाचा वेगळा प्रोसेसर घातला, कन्सोलच्या प्रोसेसरहून कितीतरी वेगवान. आता शक्ती कुणाची मोजायची, यंत्राची की कॅसेटची? त्याच वर्षी अटारीने जॅग्वार आणला, ६४-बिट म्हणून. जाहिरातीचा आशय एवढाच की गणित तुम्हीच करा. आत अनेक चिपा, काही ६४ बिटांच्या, काही ३२ च्या, आणि त्यांच्याबरोबर सेगावाला तोच जुना ६८०००. लोकांनी गणित केलं आणि जॅग्वार घेतला नाही. पुढे ३२-बिट प्लेस्टेशन दहा कोटींवर खपला, ६४-बिट निन्टेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास. मोठ्या बिटांची जादू ओसरली.

मग नवा आकडा आला. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा कन्सोल १२.१५ टेराफ्लॉप्स, सोनीचा १०.२८. हे आकडे येतात कुठून? मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स चिपमध्ये ५२ गणनविभाग, प्रत्येकात ६४ गणक. प्रत्येक गणक एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज करतो, म्हणून गुणिले दोन. आणि ठोके १.८२५ गिगाहर्ट्झचे. करा गुणाकार, १२.१५ येतं. सोनीकडे विभाग ३६ च, पण ठोके २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत, तिथे १०.२८. लक्षात घ्या, यात खेळ चालवून कुणी काही मोजलेलं नाही. हा कागदावरचा गुणाकार आहे, आणि सगळे गणक प्रत्येक ठोक्याला कामात असतील असं त्यात गृहीत धरलेलं आहे. खेळ सुरू झाला की काही गणक मेमरीची वाट पाहत बसतात. किती, ते प्रत्येक खेळागणिक बदलतं.